हुकलेलं नागपूर

छत्रपती संभाजीनगर,
दि. ५ एप्रिल २०२६

ती. आत्यास,
संघप्रियाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र लिहायला कारणं दोन. एक तर तुला फोन लावला की अर्धा वेळ तू कोण बोलतंय म्हणून विचारतेस आणि उरलेला अर्धा वेळ शेळ्यांवर ओरडतेस. दुसरं म्हणजे मागच्या खेपेला तूच म्हणाली होतीस की फोनवरचं बोलणं हवेत जातं, कागदावरचं उशाखाली ठेवता येतं. तर हे उशाखाली ठेवायचं पत्र आहे.

येत्या एक जूनला बाबा पंचाहत्तर पूर्ण करतात आणि त्याच दिवशी आपला धम्मानंददादा पन्नास. बाप-लेकाचा वाढदिवस एकाच दिवशी कसा, याचं माझ्या ऑफिसातल्या बायकांना फार नवल वाटलं. त्यांना सांगितलं की आमच्याकडे शाळेत नाव घालताना ज्याची जन्मतारीख ठाऊक नाही त्याची गुरुजी एक जून लिहितात. बाबांची त्यांच्या गुरुजींनी लिहिली, आणि पुढे बाबा स्वतः गुरुजी झाले तेव्हा त्यांनी साऱ्या गावाची लिहिली. दादा मात्र सरकारी दवाखान्यात अठरा डिसेंबरला जन्मला होता, आईकडे तशी चिठ्ठी होती, तरी बाबांचा हात सवयीनं एक जूनवरच गेला. या माणसानं माझं पोरगं साडेसहा महिने आधीच जन्माला घातलं, असं आई शेवटपर्यंत म्हणायची.

बेत असा आहे. तीस आणि एकतीस मे, शनिवार-रविवार, सगळ्यांनी माझ्याकडे जमायचं. एक दिवस पाणचक्की आणि जुने दरवाजे, एक दिवस इथली बुद्ध लेणी, आणि सोमवारी एक जूनला छोट्या हॉलमध्ये केक आणि जेवण. मुलंबाळं धरून आपण बत्तीस जण होतो. परभणीहून बाबा नि दादा निघतील, त्यांनी तुला सोबत आणायचं असं ठरलंय.

राहायच्या खोल्यांसाठी सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स मागवल्या होत्या. तुझ्यावर १ जानेवारी १९६१ आहे. म्हणजे तू अवघी पासष्टची! मला वाटलं होतं त्याहून बरीच लहान निघालीस. पासष्टीचं कुणी काही करत नाही म्हणून पत्रिकेत बाबांचं नि दादाचंच नाव घातलंय. तुझी सत्तरी आली की दणक्यात करू. या वेळी तू पाहुणी म्हणून नुसतं मिरवायचं.

येणार म्हणून लगेच कळव. आहे ती माया वाढती राहू दे.

तुझी,
संघप्रिया


राणीसावरगाव,
दि. १६ एप्रिल २०२६

चि. संघप्रियास,
आत्याचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र पोचलं. उशाखाली ठेवलं नाही, ठेवलं असतं तर झोप लागली नसती.

इकडे जयंती जोरात झाली. मिरवणुकीत डीजे एवढा मोठा होता की आमच्या एका शेळीनं दिवसभर पाला खाल्ला नाही. बाकी सगळे खुशाल आहेत. गुडघे सोडून.

आता माझ्या आधार कार्डाचं सांगते. गावात कॅम्प लागला होता. मशीनवाल्यानं तारीख विचारली, मी म्हणाले माहीत नाही. साल विचारलं, मी म्हणाले दीक्षेचं साल. त्याला ते कळलं नाही. मग बाजारात शेळीचं वय बघतात तसं त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक जानेवारी एकसष्ट ठोकून दिलं. पाच वर्षं कमी केली म्हणून त्याला वाटलं असेल म्हातारीवर उपकार केले. तर बाई, मी पासष्टची नाही. मला याच वर्षी सत्तर होतात.

माझ्या दादांना, म्हणजे तुझ्या बाबांना, खोटी का होईना एक तारीख आहे, कारण दादा शाळेत गेले. मी शेळ्यांमागं गेले. तिथं कुणी वही घेऊन बसत नाही. लिहायला शिकले ते साक्षरतेच्या वर्गात, पोरं मोठी झाल्यावर.

तारीख नाही, पण साल पक्कं आहे. आप्पांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, ते कधी विसरू दिलं नाही. छप्पनच्या दसऱ्याला बाबासाहेब नागपुरात दीक्षा घेणार म्हणून आपल्या गावची अकरा माणसं निघाली. आप्पांची सगळी तयारी झाली होती आणि नेमकी मी जन्मले. त्यांचं जाणं राहिलं. दोनच महिन्यांत बाबासाहेब गेले. आप्पांनी पुढं गावातच दीक्षा घेतली, पण बाबासाहेबांना डोळ्यांनी बघायचं राहिलं ते राहिलंच. घरी कुणी आलं की आप्पा मला पुढं ओढून सांगायचे, ही बघा, हिनं माझं नागपूर हुकवलं. लोक हसायचे. मीपण हसायची. पण दरवर्षी चौदा ऑक्टोबरला मेणबत्ती लावली की मी मनातल्या मनात आप्पांची माफी मागते. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या पत्रामुळं लिहून गेलं.

तेव्हा माझी सत्तरी करू नका आणि पाहुणी म्हणूनही बोलावू नका. मी येत नाही. रागावले नाही असं म्हणणार नाही, थोडी रागावले आहे. तुम्ही सगळे मजेत करा.

हे दादांना दाखवू नको. त्यांना ऐकू येत नाही ते एक बरं आहे, वाचता येतं हीच अडचण आहे.

लेकरांना माझे मुके. राग दोन दिवसांचा, माया कायमची.

तुझी आत्या,
पंचफुला


परभणी,
दि. २८ एप्रिल २०२६

चि. पंचफुलास,
दत्तरावाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

संघप्रियाला एखादी गोष्ट दाखवू नको म्हटलं की ती आधी तीच दाखवते. हे तुला पुरतं ठाऊक आहे, म्हणूनच तू तसं लिहिलंस असा माझा संशय आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका अकरा निघाल्या, पण या वेळी लाल पेन काढलं नाही.

मी छत्तीस वर्षं शाळेत होतो. किती पोरांना एक जून वाटली त्याचा हिशेब नाही. अजून दर एक जूनला फोन येतात, गुरुजी, तुम्ही दिलेला वाढदिवस साजरा करायलोय म्हणून. धम्मानंद फोन कानाला लावतो आणि मला पाटीवर लिहून दाखवतो. साऱ्या तालुक्याला तारीख दिली आणि घरच्या बहिणीला दिली नाही. मी मास्तर झालो तेव्हा तुझं लग्न होऊन गेलं होतं, असं म्हणून मी आजवर सुटत आलो. खरी गोष्ट निराळी आहे. तुझं नाव शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मी पाचवीत होतो. मायनं विचारलं होतं की दोघंही शाळेत गेली तर शेळ्या कोण राखणार. मी भाकरी खात होतो. मान वर केली नाही, कारण उत्तर माझ्या नावाचंही आलं असतं. हे तुला सांगायला मला साठ वर्षं लागली.

आता दुसरी गोष्ट. तू जन्मलीस तो दिवस मला थोडा आठवतो. मी पाच वर्षांचा असेन. आप्पा पहाटेच शिदोरी घेऊन घरातून निघाले होते आणि ऊन वर आल्यावर माघारी आले. आत बायकांची गडबड होती. आप्पांनी शिदोरीचं फडकं माझ्या हातात दिलं. तीन भाकरी आणि जवसाची चटणी. एवढं सगळं एकट्याला याआधी कधी मिळालं नव्हतं. मी सगळं खाल्लं आणि झोपलो, त्यामुळे पुढचं काही सांगता येत नाही.

पण परवा तुझं पत्र वाचताना कपाळावर हात मारून घेतला. तुझ्यामुळे नागपूर हुकलं याचा अर्थ, माणसं गावातून निघाली त्याच दिवशी तू जन्मलीस. दीक्षेचा दिवस जगाला माहीत आहे. माणसं आधी किती दिवस निघाली एवढंच काढायचं. सत्तर वर्षं आपण आप्पांचा तो बोल ऐकतोय आणि तुझा जन्मदाखला त्या बोलातच होता. मी गणिताचा मास्तर असून माझ्या ध्यानात आलं नाही, याची लाज वाटते.

त्या अकरांबरोबर गेलेलं एकच माणूस आता हयात आहे. आपल्या सितारामकाकांची सुलाबाई. दहा वर्षांची होती आणि हट्टानं बापाच्या मागे गेली होती. पोखर्णीला लेकाजवळ असते. मी तिच्याकडे जाऊन विचारून येतो.

शेळ्यांना सांभाळ, गुडघ्यांना तेल लाव. रागाचे दोन दिवस आता संपले असतील असं धरून चालतो.

तुझा,
दादा


राणीसावरगाव,
दि. ८ मे २०२६

ती. दादांस,
पंचफुलाचा सप्रेम जयभीम.

पत्र वाचलं. शेळ्यांचं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि बराच वेळ अंगणात बसले. मला वाटत होतं तुम्हाला ते आठवतच नसेल. आठवतं हे बरं झालं. आता त्याचा विषय नको. तुमच्या जागी मी असते तर मीपण मान वर केली नसती, चटणी फार चांगली व्हायची मायची.

आणि ती शिदोरी! आप्पांच्या प्रवासाच्या भाकरी तुम्ही खाल्ल्या आणि हुकवल्याचा बोल मात्र माझ्या एकटीला. निम्मा गुन्हा तुमच्या नावावर घ्या.

पण दादा, खरं सांगते, मला तारीख नको आहे. आजवर तो दिवस अंधुक होता. झालं असेल काहीतरी, लहान जिवाचा काय दोष, असं मनाला सांगता येत होतं. तारीख निघाली की तो दिवस माझ्या नावावर पक्का होईल. मग दरवर्षी लोक गोड खाऊ घालतील आणि मला आप्पांचं तोंड आठवेल. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून आप्पा किती वेळ तिथंच उभे राहायचे ते तुम्ही बघितलं आहे. तेवढ्याच वेळी ते माझ्याकडे बघत नसत.

तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे. ऐकायला कान लागतात. तेव्हा जाणारच असाल तर डोक्याला रुमाल बांधून सकाळच्या एसटीनं जा. आणि सुलाबाईला माझं एकच विचारा. त्या दिवशी आप्पा माझ्यावर रागावले होते का. तारीख विचारायची राहिली तरी चालेल.

धम्मानंदला आशीर्वाद. तुमची माया तुमच्या अक्षरासारखी सरळ राहो.

तुमची,
पंचफुला


परभणी,
दि. १९ मे २०२६

चि. पंचफुलास,
दादाचा जयभीम आणि आज जरा जास्तच आशीर्वाद.

काल पोखर्णीला जाऊन आलो. एसटी नरसिंहाच्या दर्शनाला निघालेल्या लोकांनी भरली होती. शेजारच्या बाईनं मला नारळ धरायला दिला आणि उतरताना विसरली, तो मी सुलाबाईसाठी घेऊन गेलो.

सुलाबाईला दात एकही नाही आणि मला कान नाहीत. ती बोलते ते पुसट, आणि मला ऐकू येतं तेही पुसटच. शेवटी तिची सून बबिता मध्ये बसली. सुलाबाई तिच्या कानात सांगायची आणि बबिता पाटीवर लिहायची. माझा आवाज मला कळत नाही, त्यामुळे मी काय विचारतोय ते गल्लीभर कळलं आणि चार बायका ऐकायला ओट्यावर येऊन बसल्या.

आधी तारीख. सुलाबाई म्हणाली की एक रात गाडीत काढली, एक रात नागपूरच्या मैदानात, अन् तिसऱ्या दिशी सकाळी दीक्षा झाली. दीक्षा रविवारी, चौदा ऑक्टोबरला. म्हणजे माणसं गावातून निघाली ती शुक्रवारी पहाटे, बारा ऑक्टोबरला. तू जन्मलीस १२ ऑक्टोबर १९५६, शुक्रवार, सकाळी. तीन वेळा मोजून पाहिलं.

आता तू विचारलेलं. इथून पुढे बबितानं पाटीवर जसं लिहिलं तसं उतरवून देतो, मी ते तिथंच वहीत टिपून घेतलं होतं.

सुलाबाई म्हणाली, तुझा बा आमच्या संगं निघाला हुता. मायला कळा सुरू झाल्या हुत्या, पर सुईण म्हणली तू जा, इथं तुझं काय काम न्हाई. आमी वेशीबाहेर ओढ्यापातुर गेलो. मागून एक बाई पळत आली अन् म्हणली पोरगी झाली, दोघीबी बऱ्या हायत. माझा बा म्हणला, झ्याक झालं, आता बिनघोर चल, चार दिवसांनी माघारी आल्यावर बघ पोरीचं तोंड. तुझा बा दोन पावलं चाललाबी. मंग थांबला. म्हणला, नागपूर कुठं पळून चाललंय, म्या पुन्यांदा जाईन. पोरीचा पहिला दिस काय पुन्यांदा यायचा न्हाई. असं म्हणला अन् लय हसला. आन् माघारी पळतच गेला.

वाचलंस? पंचफुला, कुणी त्यांना थांबवलं नव्हतं. तू सुखरूप झाली होतीस, वाट मोकळी होती, सोबत होती. ते आपण होऊन माघारी आले, तुला बघायला.

मी विचारलं की मग जन्मभर बोल का लावला. त्यावर सुलाबाई माझ्यावरच चिडली. पाटीवर आलं ते असं, बोल कुठला रं, मास्तर असून तुला कळंना का, तो मिरवायचा. खांद्यावर घेऊन गावभर सांगायचा, हिच्यापायी म्या नागपूर सोडलं. डिसेंबरात बाबासाहेब गेले तवा रडला लय, पोर मांडीवर घेऊनच रडला. पर माघारी फिरलो ते चुकलं असं त्याच्या तोंडातनं कधी आलं न्हाई.

ओट्यावरच्या चारही बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले. मग बबितानं चहा केला.

आता माझा निर्णय ऐक. माझी एक जून खोटी, धम्मानंदची एक जून खोटी आणि तीही मीच केलेली. घरात एक खरी तारीख निघाली असताना खोटीवर केक कापायला मी तयार नाही. बत्तीस जण ऑक्टोबरात जमतील. दहा-अकराला शनिवार-रविवार आहे आणि सोमवारी बारा. संघप्रियाला आजच कळवतो. तू यायचंस, आणि पाहुणी म्हणून नाही.

आता नाही म्हणू नकोस, मला ऐकू येणार नाही.

तुझा,
दादा


छत्रपती संभाजीनगर,
दि. ४ जून २०२६

ती. आत्यास,
संघप्रियाचा जयभीम आणि कान धरून माफी.

पासष्टची म्हणाले ते मागे घेते. झेरॉक्सवर विसंबून सख्ख्या आत्याला पाच वर्षं लहान करून टाकलं. यापुढे तुझ्याबद्दल काही लिहायचं तर आधी तुलाच विचारीन.

कार्यक्रम आठवड्यावर आलेला आणि बाबांचं पत्र आलं की सगळं ऑक्टोबरात. हॉलवाल्यानं विचारलं, ताई, वाढदिवस कुणी पुढं ढकलतं का, लग्न ढकलतात. मी म्हटलं आमच्याकडे खरा वाढदिवस सापडलाय, म्हणून खोटा रद्द. तर म्हणाला की त्याचीही एक जूनच आहे. गाव विचारलं तर गंगाखेडजवळचं निघालं. बाबांच्या शाळेत होता! मग मी आगाऊ दिलेली रक्कम त्यानं मुकाट्यानं ऑक्टोबरला लावून दिली.

सोमवारी एक जूनला दादाच्या फोनला उसंत नव्हती. सत्तावीस विद्यार्थी बोलले. बाबांनी प्रत्येकाला तेच सांगायला लावलं, की तुमचीही खरी तारीख असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, अजून वेळ गेलेली नाही. दादा सांगून सांगून थकला.

तू मात्र काहीच कळवलं नाहीस. बाबांच्या पत्रालाही उत्तर नाही म्हणे. बाबा रोज पोस्टमनची वाट बघतात. तू आली नाहीस तर ऑक्टोबरातही हे होणार नाही, तेव्हा दोन ओळी तरी टाक. मी इथं वाट बघतेय आणि माया तिळभरही कमी करू नकोस.

तुझी,
संघप्रिया


राणीसावरगाव,
दि. १२ जून २०२६

चि. संघप्रियास,
आशीर्वाद.

येते. गुडघ्यांना विचारलं, तेही हो म्हणाले. दादांचं पत्र रोज एकदा वाचते आणि मग लिहायला बसलं की काही सुचत नाही, म्हणून उत्तर गेलं नाही. त्यांना तसं सांग.

आत्या


राणीसावरगाव,
दि. १५ ऑक्टोबर २०२६

ती. दादांस,
पंचफुलाचा सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचले. शेजारच्या कोंडाबाईनं शेळ्या नीट सांभाळल्या, पण तिला आता औरंगाबादचं सगळं ऐकायचं आहे. मला तेच नाव तोंडात बसलंय, तुम्ही चूक काढू नका. तिला सांगता सांगता ध्यानात आलं की तुम्ही तीन दिवस आमच्यात होता आणि तुम्हाला निम्मंही ऐकू आलेलं नाही. तेव्हा तुमचं राहिलेलं लिहून कळवते.

जाताना रेल्वेत, तुम्ही मुद्दाम सोबत घेतलेली सुलाबाई डब्यातल्या सगळ्या बायांना सांगत होती की हा समोर झोपलाय ना, हा पोखर्णीला येऊन माझ्यावर ओरडला. तुम्ही तेव्हा घोरत होता. धम्मानंद म्हणाला की बाबांना ऐकू येत नाही हे बरं, नाहीतर स्वतःच्या घोरण्यानं त्यांना झोप लागली नसती.

पाणचक्कीवर तुम्ही पोरांना पाणी डोंगरातून नळानं कसं येतं ते समजावत होता. पोरं मान हलवत होती, पण बोलत होती नान आणि मटणाच्या खलियाबद्दल. तो मात्र खरंच फार चांगला होता. एवढा मोठा नान मी पहिल्यांदा बघितला. सुलाबाईनं दात नसताना दोन संपवले, रश्श्यात बुडवून. तुम्हाला वाटलं तिनं एकच खाल्ला.

लेण्यांच्या पायऱ्या बघून मी खालीच थांबणार होते. तुम्ही हात पुढं केला म्हणून चढले. तिसऱ्या लेणीत बुद्धांपुढं ती दगडाची माणसं गुडघे टेकून बसली आहेत ना, बायका आणि पुरुष, हात जोडून, त्यांच्यापाशी मी उभी राहिले. संघप्रिया म्हणाली की ही हजार वर्षांहून जास्त अशीच बसली आहेत. मी म्हणाले, त्यांचे गुडघे कुठल्या तेलाचे. सगळे हसले आणि तुम्ही विचारलंत काय झालं, तेव्हा कुणी सांगितलं नाही. हे झालं होतं.

आता सोमवारचं. हॉलमध्ये तुम्ही एकदम उभे राहिलात, खिशातून कागद काढलात आणि शाळेतल्यासारखी हजेरी घ्यायला लागलात, प्रत्येकाची जन्मतारीख जोडून. तुमचं स्वतःचं नाव, एक जून. धम्मानंद, एक जून, कंसात अठरा डिसेंबर. मग दोन जावई, एक जून, एक जून. हॉलवालासुद्धा दारातून हजर म्हणाला. लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मग तुम्ही चष्मा पुसला आणि माझं नाव घेतलंत. पंचफुला, बारा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन.

दादा, मी हजर म्हणाले होते. तुम्हाला वाटलं मी बोललेच नाही. मी बोलले होते, पण आवाज फुटला नव्हता. शाळेत कधी बसले नाही, हा शब्द कधी म्हणायची वेळ आली नव्हती. तुम्ही पुन्हा नाव घेतलंत, मी पुन्हा म्हणाले, तुम्हाला पुन्हा ऐकू आलं नाही. तिसऱ्या वेळी मी एवढ्यानं ओरडले की बाहेर रिक्षावाले आत डोकावले. तेव्हा तुम्ही मान हलवून कागदावर खूण केलीत आणि खाली बसून तोंडाला रुमाल लावलात. सगळ्यांना वाटलं घाम पुसताय. मला माहीत आहे.

केक कसला होता ते मला आठवत नाही. फोटोत बघितलं, पांढरा होता. तुम्ही, मी आणि धम्मानंद, तिघांनी एकाच सुरीला हात लावलाय.

काल चौदा तारीख. सकाळी विहारात जाऊन आले, घरी आप्पांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि हात जोडले. इतक्या वर्षांची सवय, माफीचे शब्द आपोआप तोंडात आले. मी ते गिळले. मग पहिल्यांदाच फोटोकडे सरळ बघितलं. म्हणाले, आप्पा, तुम्ही ओढ्यावरून पळत आलात ते मला कळलंय. मी सत्तर वर्षांची झाले, आता बघा मला पोटभर. आणि दादा, मी हसले. मेणबत्ती विझेपर्यंत तिथंच बसून राहिले.

कानाला जपा. चुका मोजल्या असतील तर आकडा कळवा. आपली माया आहे तिथंच राहू द्या.

तुमची बहीण,
पंचफुला